न्यूट्रलमध्ये अडकलेला आत्मा

द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली आणि गंगाधररावांनी बोट वर करून मुलीला गप्प केलं.

"ऐक."

संपदानं ऐकलं. चहूकडे रिक्षांचे हॉर्न, पुलावरून जाणारे ट्रक, आणि त्या गदारोळात त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं इंजिन आपल्याच नादात वर चढत होतं, खाली उतरत होतं. घूंऽऽ, घूं. घूंऽऽ, घूं.

"सिग्नलला उभी राहिली की हिला धाप लागते," ते म्हणाले. "घरी बॉनेट उघडून हिच्यापाशी उभा राहतो, तेव्हा गरीब गाय. इथे आली की सुरू."

"विकून टाका ना बाबा. हिच्या वयाच्या गाड्या भंगारात घालतात."

"आणि माझ्या वयाची माणसं कुठे घालतात गं?"

संपदा हसली. गंगाधररावांचा अख्खा जन्म एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेला होता. यंत्राच्या आवाजाकडे कान लावून बसायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्या आपल्याकडे नव्यानं आल्या तेव्हा हौसेनं घेतलेली ही गाडी. तिच्यात छोटा संगणक आहे, याचं त्यांना नातू झाल्याइतकं कौतुक होतं.

"यंत्र खोटं बोलत नाही," दिवा हिरवा झाला तसे ते म्हणाले. "आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. उद्या बसतो हिच्यापाशी."

स्कूटर दुरुस्तीला टाकली होती म्हणून ते तिला कॉलेजातून घ्यायला आले होते. गंगापूर रोडला तिच्या घरासमोर त्यांनी तिला उतरवलं, वांगी विसरलीस म्हणून पिशवी खिडकीतून हातात दिली आणि गेले. बस्स. त्या संध्याकाळी लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपदाची आई, श्यामलाबाई, चहा घेऊन आल्या तेव्हा ते खुर्चीत बसले होते, पेपर मांडीवर होता, आणि त्यांनी हाक ऐकली नाही.

*

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. उन्हं चढली. भटजी घड्याळाकडे बघू लागले. अशा वेळी आपल्याकडे जे करतात ते सुरू झालं. एकेक जण पुढे होऊन गेलेल्याला वचन देऊ लागला. "श्यामलावहिनींना काही कमी पडू देणार नाही." कावळा नाही. "संपदाकडे लक्ष ठेवू." कावळा नाही. शेवटी श्यामलाबाई पदर सावरत पुढे झाल्या. "तुमची गाडी विकणार नाही हो मी. रोज चालू करीन."

आणि कावळा आला.

शेजारच्या तीन घरांची पिंडं संपवून कावळे नुकतेच रिकामे झाले होते, हे संपदानं पाहिलं होतं. पण ती वेळ ते बोलण्याची नव्हती. त्या दिवसांत ती कामापुरतंच बोलत होती. नातेवाईक म्हणत, "संपदा खंबीर आहे हो." ते ऐकून ती आणखी खंबीर होई.

श्यामलाबाईंनी वचन पाळलं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. नवऱ्यानं कधीकाळी फक्त चालू करायला शिकवलं होतं. गिअर न्यूट्रल, पाय ब्रेकवर घट्ट, मग चावी. जेलरोडच्या त्यांच्या रो-हाउसला लागून पत्र्याची शेड होती, तिला शटर होतं. संध्याकाळी त्या शेडमध्ये जात, शटर खाली ओढत आणि गाडी चालू करून नवऱ्याच्या जागेवर बसत. शटर ओढायचं कारण साधं होतं. एकटी बाई गाडीशी बोलते हे गल्लीनं पाहू नये.

पहिल्याच आठवड्यात गाडी त्यांच्याशी बोलली.

आधी पायांपाशी उसासा आला. श्शऽऽ. गंगाधरराव जेवून उठताना सोडायचे तसाच. मग इंजिन वर चढलं. घूंऽऽ.

"तुम्ही?" श्यामलाबाई म्हणाल्या.

घूंऽऽ.

*

समोरच्या साधनाकाकूंना ते कळलं आणि मग ते गुपित राहिलं नाही. त्यांनी आधी सातपूरहून धनराज मेकॅनिकला आणलं, कारण त्या स्वतःला व्यवहारी समजत. धनराजनं हवेचा रस्ता साफ केला, इंजिनाचा उभ्या गाडीतला वेग सांभाळणारा वॉल्व्ह बदलला, कॉम्प्युटर जोडून पाहिला. तो बॉनेटपाशी वाकलेला असताना इंजिन घड्याळासारखं चालायचं. श्यामलाबाई आत जाऊन बसल्या की घूंऽऽ.

"ताई, माझ्यासमोर नाय करत," तो संपदाला म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड नाय. आता हे वरचं काम हाय. मी हात नाय लावणार, लहान लेकरं हायेत मला."

वरचं काम करणारे तयारच होते. साधनाकाकूंनी रविराज महाराजांना आणलं.

पुढच्या गुरुवारी संपदा आईकडे आली तेव्हा शेडमध्ये शिरायला वाट नव्हती. बॉनेटवर नारळ, वायपरला झेंडूची माळ, आरशाला दोरा. बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या. मागच्या गल्लीतला एक गृहस्थ आपल्या बंद पडलेल्या मोटरसायकलची चावी पायावर घालायला घेऊन आला होता. आणि गंगाधररावांच्या जागेवर, भगव्या लुंगीचा घोळ पावलांवर पसरून, रविराज महाराज बसले होते.

"गाडी म्हणजे काय?" महाराज विचारत होते. "चार चाकं? छे! पंचमहाभूतं! पत्रा म्हणजे पृथ्वी. पेट्रोल म्हणजे जल. ठिणगी म्हणजे अग्नी. धूर म्हणजे वायू."

"आणि आकाश, महाराज?"

"डिकी!" महाराज म्हणाले. "पोकळ ते आकाश. अशा देहात जीव शिरणार नाही तर कुठे शिरेल? आत्म्याला वर जायचं आहे, पण ओढ सुटत नाही. आत्मा न्यूट्रलमध्ये अडकलाय, माउली. पहिला गिअर गुरूनं टाकायचा असतो." त्यांनी डोळे मिटले. "गंगाधरा! पत्नी समोर आहे. ओळखलंस?"

श्शऽऽ. घूंऽऽ.

बायकांनी हात जोडले. श्यामलाबाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून संपदा दारातच थांबली. बाबा गेल्यापासून आई अशी दिसली नव्हती. सुखी दिसत होती.

"गाडी आमच्या मठात आणून सोडा," महाराज जाताना म्हणाले. "पण त्याआधी अमावास्येला पत्नीनं एकटीनं बसायचं. शटर पूर्ण बंद, काचा बंद, वाऱ्याची फट नको. इंजिन आपोआप शांत होईल तेव्हा समजायचं, गंगाधर सुटला. तोवर उठायचं नाही. डोकं जड होईल, मळमळेल. घाबरू नका. ते सान्निध्य!"

*

सान्निध्य काय असतं ते संपदानं दोनच दिवसांत पाहिलं. शटरच्या फटीतून घरघर येत होती आणि हाकेला उत्तर नव्हतं. तिनं शटर वर ढकललं. श्यामलाबाईंचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं, गाल भलतेच लालबुंद झाले होते. ओढत त्यांना अंगणात आणलं तेव्हा त्या उलटी करत म्हणाल्या, "इथेच होते गं. मागच्या सीटवर. मी पाहिले."

डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. "बंद जागेत गाडीचा धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, भास होतात, झोप येते. आणखी थोडा वेळ गेला असता तर उठल्या नसत्या."

संपदा बारावीला रसायनशास्त्र शिकवत होती. त्या वायूवर तिनं आजवर किती मुलांकडून उत्तरं लिहून घेतली असतील. आता तिला महाराजांचं वाक्य आठवलं. इंजिन आपोआप शांत होईल तोवर. म्हणजे पेट्रोल संपेल किंवा आई संपेल, जे आधी होईल ते.

तिनं आईला समजावलं. श्यामलाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "डॉक्टरांना काय कळतं? तुझ्या बाबांनाही ठणठणीत म्हणाले होते." तिनं चावी लपवली. दुसरी चावी श्यामलाबाईंच्या कमरेला होती. शटरला कुलूप घातलं, तर त्या अंगणात बसून राहिल्या, जेवल्या नाहीत. कुलूप घालून माणसाला अमावास्येपलीकडे नेता येईल, जन्मभर नाही.

मग एका दुपारी, आई झोपली असताना, संपदानं शटर पूर्ण वर केलं, शेडचं मागचं दारही उघडून वारा आरपार केला आणि बाहेरूनच हात घालून गाडी चालू केली. इंजिन एकसुरी चाललं होतं. तिनं दिवे लावले, पंखा लावला. एका वेळी एक. थोडी थरथर, मग पुन्हा शांत. इंजिन तापलं तरी शांत. धनराज खोटं बोलत नव्हता.

बाबा म्हणाले होते, सिग्नलला. आई म्हणते, मी बसले की. महाराजांच्या वेळी, ते बसले की.

बाबांच्या सीटवर तिला बसवेना. कव्हरला त्यांच्या पाठीचा खळगा होता. ती बसली. समोरून ट्रक आल्यासारखी तिची पाठ ताठ झाली, आणि नकळत तिनं उजवा पाय पुढे दाबला.

श्शऽऽ.

तो तिच्या घोट्यापाशी होता, अगदी जवळ. जेवून उठणाऱ्या माणसाचा, दिवस संपवून चप्पल काढणाऱ्या माणसाचा उसासा. मागोमाग इंजिन चढलं. घूंऽऽ, घूं. घूंऽऽ, घूं. मागच्या सीटकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं, आणि आपल्याला तसं ठरवावं लागलं याचीच तिला भीती वाटली.

तिनं पाय उचलला. शांत.

पाय दाबला. उसासा.

सिग्नलला माणूस काय करतो? ब्रेकवर पाय ठेवून उभा राहतो. आईला काय शिकवलं होतं? पाय ब्रेकवर घट्ट. बॉनेटपाशी वाकलेल्या धनराजचा पाय ब्रेकवर कसा असेल? आणि लुंगीचा घोळ पावलांवर का पसरायचा?

ब्रेकपासून इंजिनाकडे नळी जाते, हे बाबांनी कधीतरी दाखवलं होतं; कळायचं ते सगळं कळलं होतं. तरी संपदाचा पाय बराच वेळ ब्रेकवरून निघाला नाही.

संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. मी बसले, ब्रेक दाबला, आवाज झाला. श्यामलाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "तुझ्याशीही बोलले? बघ! मी सांगत नव्हते?"

श्रद्धेच्या गळ्यात पुरावा घालायला जावं, तर ती त्याची माळ करून मिरवते. दाखवायचं तर ज्यानं भुरळ घातली त्याच्याच हातून दाखवायला हवं होतं.

*

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी महाराज तयारी बघायला आले. गल्ली लोटली. संपदानं शटर पूर्ण उघडं ठेवलं होतं, आणि ती महाराजांना वाकून नमस्कार करून म्हणाली, "एक विनंती आहे. आज आपण मांडी घालून बसावं."

"गाडीत मांडी?"

"बाबांच्या आसनावर पाय लोंबते सोडून बसणं बरं दिसत नाही."

"खरंच की," एक आजीबाई म्हणाल्या. "देवपण आसनावर शोभतं."

"बसा ना महाराज!" साधनाकाकूंनी आग्रह केला. "मी उशी देते."

भक्तांच्या प्रेमापुढे कुणाचं चालतं? महाराजांनी सीट मागे सरकवली, गुडघे स्टिअरिंगखाली कोंबले आणि लाडवाच्या डब्यात कोंबलेल्या गणपतीसारखे बसले. श्यामलाबाईंनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

"गंगाधरा! आहेस का?"

इंजिन एकसुरी चाललं.

"गंगाधरा, पत्नी बोलावते!"

इंजिन एकसुरी चाललं. श्यामलाबाई खिडकीपाशी आणखी वाकल्या.

"इथे नास्तिकाची दृष्टी आहे," महाराज गरजले. "आत्मा बिचकतो."

"मी रस्त्यावर जाते," संपदा म्हणाली आणि फाटकाबाहेर जाऊन पाठ करून उभी राहिली. इंजिन एकसुरीच. मग अचानक श्शऽऽ, घूंऽऽ! बायका "आले, आले!" म्हणून ओरडल्या. आणि त्या ओरड्यात साधनाकाकूंचा खणखणीत आवाज आला.

"अहो महाराज, पाय का सोडला खाली?"

"गुडघा आखडला, माउली."

"मग पुन्हा घ्या वर." इंजिन शांत झालं. "आता सोडा खाली." घूंऽऽ. साधनाकाकूंनी कमरेवर हात ठेवले. "उतरा हो. मी बसते."

त्या बसल्या. संपदानं आत येऊन त्यांना पेडल दाखवलं. साधनाकाकूंनी पाय दाबला आणि विचारलं, "मी आज भाजीत मीठ विसरले का?"

घूंऽऽ.

"माझी सासू साध्वी होती का?"

घूंऽऽ.

"खोटारडी गाडी!" साधनाकाकू म्हणाल्या, आणि सगळी शेड हसली. श्यामलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

संपदानं बॉनेट उघडलं आणि पक्कड घेऊन आत वाकली.

"ए बाई, बूस्टरच्या नळीला हात लावू नकोस!" महाराज ओरडले. "ब्रेक जाईल!"

तोवर तिथे कुणी बूस्टरचं नावही काढलं नव्हतं. धनराज गर्दीत मागे उभा होता, तो सावकाश म्हणाला, "महाराज पूर्वी जुन्या गाड्यांची दलाली करायचे. म्हणलं चेहरा पाहिलेला कसा."

"गाडी उभी आहे महाराज, ब्रेक कुठे जाणार?" संपदा म्हणाली. तिनं नळीवर फडकं गुंडाळून ती पकडीत घट्ट चिमटली. "काकू, दाबा. जोरात दाबा."

साधनाकाकूंनी दोन्ही पाय लावले. पेडल दगडासारखं कडक झालं होतं. उसासा नाही. हुंकार नाही. संपदानं नळी सोडली. श्शऽऽ, घूंऽऽ. चिमटली. शांत.

"इंजिन हवा ओढतं," ती वर्गात सांगायची तितक्याच साध्या आवाजात म्हणाली. "ब्रेक हलका लागावा म्हणून त्याच ओढीची मदत घेतात. हा पत्र्याचा डबा म्हणजे बूस्टर, आत रबरी पडदा, आणि ही नळी इंजिनापर्यंत. पडदा फाटलाय. ब्रेक दाबला की बाहेरची हवा डब्यात शिरते आणि फाटक्या पडद्यातून इंजिनात जाते. म्हणून पायाशी उसासा. जास्त हवा आली की संगणक जास्त पेट्रोल देतो, वेग चढतो. फारच चढला की तोच पेट्रोल तोडतो, वेग पडतो. मग पुन्हा देतो. म्हणून ती धाप. पाय काढला की सगळं बंद. हे महाराजांना माहीत होतं. बंद शेडमधल्या धुरानं माणूस मरतो, हे माहीत नसेल असं मी समजते. माहीत असेल तर पोलिसांशी बोलू."

महाराज नारळ न घेताच गेले. मोटरसायकलची चावी आणलेला गृहस्थ धनराजला विचारू लागला, माझ्या गाडीचा प्लग असेल का हो? माणसं पांगली. कुणी हसत, कुणी खजील होऊन, कुणी "तरी पण काहीतरी असतंच" असं म्हणत.

*

श्यामलाबाई गाडीशेजारी स्टुलावर बसून राहिल्या. संपदानं चावी फिरवून इंजिन बंद केलं. शेडमध्ये इतकी शांतता झाली की गरम पत्रा निवताना टिकटिकतो तेही ऐकू आलं.

"झालं समाधान?" श्यामलाबाई म्हणाल्या. "एकदा ते आपणहून गेले. आज तू घालवलेस."

संपदानं बॉनेट खाली घेतलं.

"मी रोज सांगत होते त्यांना. भाजी काय केली, कोण आलं, पाठ दुखते. आता कुणाला सांगू? तुला? तू एकदा तरी रडलीस? रामकुंडावर नाही, घरी नाही. तुला सगळ्याचा पुरावा लागतो."

"हुंकाराचा लागतो, आई. जे कानावर पडतं ते तपासायलाच हवं. आपण तपासलं नाही की दुसरा कुणी आपलं दुःख हातात घेतो आणि त्याचं पेडल करतो. रडायला कसलाच पुरावा लागत नाही."

"मग?"

संपदा जमिनीवर, आईच्या पायाशी बसली. इतके दिवस तिनं सगळ्यांना 'गेले' असं सांगितलं होतं. बँकेत, कॉलेजात, फोनवर, नीट, स्वच्छ आवाजात. तेवढ्यावर भागत होतं.

"त्या दुपारी मी ब्रेक दाबला ना," ती म्हणाली, "तेव्हा मला सगळं कळलं होतं. पडदा, नळी, सगळं. तरी मी पाय काढला नाही. मला ते हवे होते. खोटे असले तरी चालतील, असं वाटलं. आणि मग तू स्टिअरिंगवर पडलेली डोळ्यांपुढे आलीस."

श्यामलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"बाबा मेले, आई," संपदा म्हणाली. आवाज मध्येच फुटला आणि तिनं तो सावरला नाही. "आणि मला ते सहन होत नाहीये."